इंदूरहून मुन्नार-वाल्पराई: स्वतः गाडी चालवत चहाच्या डोंगरात फिरायचं असेल तर

सगळ्यात आधी किलोमीटरचा हिशोब डोक्यातून काढून टाका. आपल्याला सवय कसली, तर उज्जैन पंचावन्न किलोमीटर, तासाभरात महाकाल, आणि भोपाळला सकाळी पोहे खाऊन निघालं तर दुपारच्या जेवणाला तिथे. कोची ते मुन्नार १३० किलोमीटर दिसतं म्हणून आपले लोक म्हणतात अडीच तास, जेवायला वर पोचू. नाही पोचत. डोंगरात तासाला पंचवीस किलोमीटर पडले तरी चांगले म्हणायचे, आणि त्यातही प्रत्येक वळणावर कोणीतरी म्हणणारच की थांब ना, फोटो काढू. त्यामुळे इथे प्लॅन तासांत करायचा, आणि दुपारी चारनंतर घाटात गाडी असता कामा नये हा एकच नियम धरून बाकी सगळं बसवायचं. माझं सांगणं एवढंच आहे, खाली जे लिहिलंय ते सगळं त्यातूनच निघालंय.

गाडी मी चालवते, नकाशा नवरा बघतो, आणि मागच्या सीटवर सासूबाई आणि मुलगा. त्यामुळे हे सगळं फॅमिलीच्या हिशोबाने आहे. बाइकवाल्यांचे नियम काही ठिकाणी वेगळे आहेत, ते जिथे आलं तिथे सांगते.

१. आधी गोल फेरी समजून घ्या

बहुतेक लोक कोचीहून मुन्नारला जातात आणि त्याच रस्त्याने परत येतात. चालतं, पण मजा गोलात आहे. कोची, नेरियामंगलम, अडिमाली, मुन्नार, मग तिकडून मरयूर, चिन्नारचं जंगल, खाली तमिळनाडूत उडुमलपेट, तिथून आळियार, चाळीस हेअरपिन वळणांचा घाट चढून वाल्पराई, आणि वाल्पराईहून जंगलातून मलक्कप्पारा, वाळच्चाल, अतिरप्पिल्ली, चालाकुडी, परत कोची. दोन राज्यं, चहाचे दोन मोठे पट्टे, आणि धबधबे इतके की तिसऱ्या दिवशी मुलं बघायलासुद्धा खाली उतरत नाहीत.

याला सहा रात्री द्या. मुन्नारला तीन, वाल्पराईला दोन, आणि शेवटची अतिरप्पिल्लीला किंवा एअरपोर्टजवळ. पाच रात्रींत बसवता येतं, चारात नाही. चारच दिवस असतील तर वाल्पराई सोडा आणि मुन्नार नीट करा. रोज हॉटेल बदललं की अर्धा दिवस बॅगा भरण्यातच जातो.

२. कधी जायचं

जून ते ऑगस्ट पाऊस भयंकर असतो. धबधबे तेव्हाच सगळ्यात मोठे, पण दरडीही तेव्हाच. ६ ऑगस्ट २०२० ला मुन्नारजवळ पेट्टिमुडीला रात्री डोंगर खाली आला आणि चहामळ्यातल्या कामगारांच्या घरांची लाइनच्या लाइन गाडली गेली, सत्तर माणसं गेली. पावसाळ्यात जायचंच असेल तर जिल्ह्याला ऑरेंज किंवा रेड अलर्ट लागलाय का ते रोज सकाळी बघायचं आणि लागला असेल तर हॉटेलात बसून भजी खायची, बुकिंगचे पैसे गेले तर गेले.

मला विचाराल तर सप्टेंबर शेवट ते नोव्हेंबर. पाणी भरपूर, डोंगर हिरवे. फक्त तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडत येतो, सकाळ मात्र बहुतेक वेळा लख्ख असते, म्हणजे परत तेच, सकाळी फिरा, दुपारी गाडी उभी. डिसेंबर-जानेवारीत थंडी मस्त, मुन्नारच्या वरच्या मळ्यांमध्ये काही पहाटे दव गोठून गवत पांढरं झालेलं दिसतं, पण रस्त्याकडेचे धबधबे तोवर बारीक होत जातात. मार्च-एप्रिलमध्ये चीयप्पाराचा धबधबा बघून कोणी म्हणालं की यापेक्षा आपलं पावसाळ्यातलं पाताळपाणी बरं, तर मी वाद घालणार नाही.

आणखी एक, एरविकुलम नॅशनल पार्क, जिथे ती नीलगिरी ताहर म्हणजे डोंगरी बकरी दिसते, ते साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लांच्या मोसमात बंद असतं. लोक तिथवर जाऊन गेटवरून परत येतात. आणि नीलकुरिंजीची निळी फुलं बघायची असतील तर ती बारा वर्षांनी एकदा येतात, २०१८ ला आली होती, आता २०३०. कोणी एजंट मधल्या वर्षात ‘कुरिंजी स्पेशल’ विकत असेल तर हसून फोन ठेवा.

दिवाळीच्या सुट्टीतला मधला आठवडा टाळता आला तर टाळा. तेव्हा अर्धं गुजरात, अर्धं महाराष्ट्र आणि आपलं इंदूर सगळे तिथेच असतात, मुन्नारच्या बाजारात गाडी तासभर हलत नाही.

३. इंदूरहून पोचायचं कसं

मुन्नार इडुक्की जिल्ह्यात, आणि त्या जिल्ह्यात रेल्वेच नाही. म्हणजे उतरायचं कोचीला, स्टेशनचं नाव एर्नाकुलम. इंदूरहून अहिल्यानगरी एक्सप्रेस थेट जाते, तिरुवनंतपुरमकडे जाणारी, पण आठवड्यातून एकदाच, आणि दोन रात्री गाडीतच जातात. आमच्या सासूबाईंना आवडते, खालचा बर्थ, घरचा डबा, गप्पा मारायला अख्खा कंपार्टमेंट. सुट्टी मोजकी असेल तर विमान, मुंबई किंवा बेंगळुरूला बदलून कोची. एअरपोर्ट शहराच्या बाहेर नेडुंबासरीला आहे आणि ते आपल्या फायद्याचं आहे, कारण तिथून गाडी घेतली की कोचीच्या ट्रॅफिकमध्ये न शिरता पेरुंबवूर-कोतमंगलम करून सरळ घाटाला लागता येतं.

इंदूरहून स्वतःची एमपी-०९ नंबरची गाडी घेऊन जाणारेही आहेत. जाऊ शकता, पण एका बाजूचे तीन दिवस धरा, आणि तिथे पोचेपर्यंत ड्रायव्हर इतका थकलेला असतो की खऱ्या घाटात त्याचं लक्ष राहात नाही. मी तरी नाही करणार.

४. भाड्याची गाडी घेताना

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून जरा सविस्तर सांगते.

सेल्फ ड्राइव्हसाठी कायदेशीर भाड्याने दिलेल्या गाडीची नंबर प्लेट काळी असते आणि अक्षरं पिवळी. ऑनलाइन स्वस्तात गाडी देणारे बरेच जण आपली घरगुती पांढऱ्या प्लेटची गाडी देतात आणि सांगतात की पोलिसांनी विचारलं तर मित्राची आहे म्हणा. असं अजिबात करू नका, भिया. काही झालं तर इन्शुरन्स कंपनी हात वर करते आणि परक्या राज्यात, भाषा येत नसताना, पोलीस स्टेशनला बसायची वेळ येते. प्लेटचा फोटो आधी व्हॉट्सॲपवर मागवा आणि मगच ॲडव्हान्स द्या.

दुसरं, आपला रस्ता तमिळनाडूत जातो. गाडी घेतानाच विचारा की तमिळनाडूचं परमिट आहे का, नसेल तर टॅक्स कोण भरणार, आणि उत्तर मेसेजमध्ये लिहून घ्या. तोंडी “नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम” खूप ऐकायला मिळतं.

गाडी लहान घ्या. चार माणसांना मोठी एसयूव्ही लागत नाही, अरुंद वळणावर समोरून बस आली की लहान गाडी असल्याचं समाधान कळतं. ग्राउंड क्लिअरन्स बरा असला म्हणजे झालं. ऑटोमॅटिकमध्ये जी स्वस्तातली एएमटी असते तिची सवय नसेल तर चढावर थांबून परत उचलताना ती जरा मागे सरकते, म्हणून हँडब्रेक लावून उचलायची प्रॅक्टिस इंदूरलाच कुठल्यातरी चढावर करून जा.

गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी, छत, टायर, स्टेपनी, काचा, आतलं डॅशबोर्ड सगळ्याचा सलग व्हिडिओ काढा, देणाऱ्या माणसाला फ्रेममध्ये घेऊन. आमच्या गाडीच्या मागच्या बंपरला एक जुनी बारीक चीर होती, परत देताना त्या माणसाने तिच्यावर बोट ठेवलं आणि डिपॉझिटमधून पैसे कापायला निघाला, व्हिडिओ दाखवल्यावर गप्प बसला. ब्रेक आणि वायपर तिथल्या तिथे चालवून बघा. वायपरचं रबर कडक झालेलं असेल तर बदलून मागा, लाजू नका.

सोबत लागणारी कागदपत्रं:

- ओरिजिनल लायसन्स (डिजिलॉकरमधलं चालतं, पण डोंगरात नेटवर्क नसतं, म्हणून कार्ड ठेवाच)
- सगळ्यांचे आधार, हॉटेलला आणि फॉरेस्ट चेकपोस्टला लागतात
- गाडीचं आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, परमिट, यांचे फोटो मोबाइलमध्ये आणि झेरॉक्स गाडीत
- भाड्याचा करार, डिपॉझिटची पावती
- फास्टॅगमध्ये बॅलन्स किती आहे त्याचा फोटो
- वाल्पराईचा ई-पास (खाली नवव्या मुद्द्यात सांगितलंय)
- थोडी रोख रक्कम, शंभर-पन्नासच्या नोटा, कारण फॉरेस्टच्या खिडकीवर यूपीआय दर वेळी चालेलच असं नाही

आणि सामानात: ऑफलाइन नकाशे डाउनलोड केलेले, टॉर्च, स्वेटर, छत्रीपेक्षा रेनकोट, टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप, स्टीलच्या पाण्याच्या बाटल्या. बाटल्यांचं मुद्दाम सांगते, कारण मुन्नार-अतिरप्पिल्लीसारख्या ठिकाणी आता प्लास्टिकच्या छोट्या बाटल्यांवर बंदी आहे.

५. घाट चालवायचे नियम

ज्याने मानपूरच्या पुढचा गणेश घाट पाहिलाय त्याला उतारावर ब्रेक फेल झालेल्या ट्रकबद्दल सांगायला नको. तेच शास्त्र इथे. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा, दुसरा नाहीतर तिसरा, आणि इंजिनलाच गाडी धरू द्या. ब्रेकवर सतत पाय ठेवला की ब्रेक तापतात, जळका वास येतो, आणि मग दाबला तरी धरत नाहीत. वास आला तर लगेच रुंद जागा बघून पंधरा-वीस मिनिटं थांबा, चाकांवर पाणी मारू नका. आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरायची आपल्याकडची जी सवय आहे ना, ती सिमरोलच्या रस्त्यावरच ठेवून या.

चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हा नियमच आहे, अरुंद जागी उतरणाऱ्याने थांबायचं. वळणाआधी हॉर्न, वळणावर ओव्हरटेक नाही. केरळच्या सरकारी आणि प्रायव्हेट बसवाल्यांशी शर्यत लावू नका, तो त्याचा रोजचा रस्ता आहे, डावीकडे घ्या आणि जाऊ द्या. धुकं उतरलं तर हेडलाइट लो बीमवर, कारण हाय बीमवर समोर पांढरी भिंतच दिसते. चालत्या गाडीत चारी इंडिकेटर लावायची आपल्या लोकांना हौस असते, त्याने मागच्याला तुम्ही उभे आहात की वळताय काहीच कळत नाही.

६. पहिला दिवस: कोची ते मुन्नार

सकाळी आठच्या आत निघा. विमान दुपारचं असेल तर त्या दिवशी वर जायच्या भानगडीत पडू नका, कोचीतच राहा, संध्याकाळी फोर्ट कोचीची मासेमारीची चिनी जाळी बघा आणि झोपा.

कोतमंगलमपर्यंत नेहमीचा रस्ता, गावं, दुकानं, गर्दी. पेट्रोल इथेच भरून घ्या. मग नेरियामंगलमला पेरियार नदीवरचा जुना कमानींचा पूल लागतो, १९३५ चा, आणि तो ओलांडला की एकदम जंगल. गाडीची काच खाली केली की हवेतला फरक कळतो. इथून अडिमालीपर्यंतच्या टप्प्यात रस्त्याला लागूनच दोन मोठे धबधबे आहेत, आधी चीयप्पारा, सात टप्प्यांत कोसळणारा, मग वाळरा, तो दरीच्या पलीकडे, झाडीतून बघायचा. चीयप्पाराच्या समोर वळणावरच गाड्यांची गर्दी असते, मक्याची कणसं, अननस, मसाल्याची दुकानं, आणि माकडं. गाडी वळणावर लावू नका, थोडं पुढे जागा मिळते, चालत मागे या. माकडांसमोर हातात खाण्याची पिशवी धरली की गेली समजा.

पाण्यात उतरायचं का, हे प्रत्येक जण विचारतो. रस्त्याकडेचे हे धबधबे बघायचे आहेत, खेळायचे नाहीत. आपल्या पाताळपाणीला २०११ मध्ये काय झालं ते इंदुरात कोणी विसरलेलं नाही, वर कुठेतरी पाऊस पडला आणि खाली कोरड्या उन्हात उभी असलेली माणसं वाहून गेली. इथेही तेच, पाणी अचानक गढूळ झालं, पाला-काटक्या यायला लागल्या की त्या क्षणी बाहेर. शेवाळलेले दगड तर चप्पल-बूट कशालाच जुमानत नाहीत.

अडिमालीला जेवण. तिथून पुढे तीसेक किलोमीटर मुन्नार, आणि पळ्ळिवासलच्या आसपास पहिल्यांदा चहाचे मळे दिसायला लागतात. सगळे तिथेच थांबून शंभर फोटो काढतात. काढा, पण पुढे याच्या दसपट सुंदर आहे हे मी आधीच सांगून ठेवते.

या रस्त्याला कामं आणि दरडी चालूच असतात, त्यामुळे निघायच्या आदल्या रात्री हॉटेलवाल्याला फोन करून रस्ता उघडा आहे का विचारा. नकाशावर हिरवी रेघ दिसली म्हणजे रस्ता चालू असतोच असं नाही.

७. मुन्नारचे दोन दिवस

हॉटेल मुन्नार बाजारात घेऊ नका. चिन्नकनाल किंवा देविकुळमच्या बाजूला, नाहीतर पळ्ळिवासलला घ्या. बुकिंग करताना विचारायचा खरा प्रश्न हा, की शेवटचा एक-दोन किलोमीटर रस्ता कसा आहे, लहान गाडी चढते का. बरेच रिसॉर्ट मळ्यांच्या आत आहेत आणि तिथे “जीप पाठवतो” म्हणून वेगळे पैसे लावतात.

एक दिवस देविकुळमच्या बाजूला द्या. मुन्नार ते चिन्नकनाल फक्त वीसेक किलोमीटर, पण माझ्या मते सगळ्या ट्रिपमधला हाच सर्वात देखणा तुकडा. एका बाजूला लॉकहार्टचा कडा, खाली दरीत धुक्याच्या वर-खाली होणाऱ्या लाटा, आणि मळे असे कापलेले की वाटतं कोणी रात्रभर कंगवा फिरवलाय. या रस्त्याला गॅप रोड म्हणतात, तो रुंद करताना २०१९-२० मध्ये इथे मोठ्या दरडी आल्या होत्या, आता रस्ता झालाय आणि छान झालाय, तोच धोका, कारण रुंद रस्ता बघून लोक ऐंशीने पळवतात. पुढे पेरियकनालचा धबधबा, त्याला पॉवर हाउस फॉल्सही म्हणतात, अगदी रस्त्याला लागून आहे. आणखी पुढे आनइरंगलचं धरण, चारी बाजूंनी चहा.

या बाजूला हत्ती आहेत. अरिकोम्बन नावाचा तांदळाची दुकानं फोडणारा हत्ती इथलाच, एप्रिल २०२३ मध्ये पकडून दुसरीकडे नेला. मुन्नारच्या रस्त्यांवर पडयप्पा नावाचा मोठ्या सुळ्यांचा हत्ती फिरतो. दिसला तर लांबच थांबा, इंजिन चालू, हॉर्न नाही, फ्लॅश नाही, खाली उतरणं तर नाहीच. मागे गाड्यांनी रस्ता बंद करू नये म्हणून मागे जागा सोडा. त्याला जायचंय तिकडे तो जातो, आपल्याला काही घाई नसते.

कोळुक्कुमलैचा सूर्योदय करायचा असेल तर स्वतःची गाडी विसरा. सूर्यनेल्लीहून जीपच जाते, पहाटे चारच्या सुमाराला, आणि रस्ता असा आहे की सासूबाईंना आम्ही हॉटेलात ठेवलं तेच बरं झालं. कंबर-पाठीचा त्रास असेल त्यांनी जाऊ नये, स्पष्ट सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर एरविकुलम. तिकीट ऑनलाइन आधी काढा, आत आपली गाडी जात नाही, फॉरेस्टची बस नेते. दक्षिण भारतातलं सगळ्यात उंच शिखर आनमुडी, २६९५ मीटर, याच पार्कात आहे, रस्त्यावरून डोकं दिसतं, ढग नसले तर. किंवा मग टॉप स्टेशनची बाजू: माट्टुपेट्टी धरण, कुंडला तलाव, आणि शेवटी तमिळनाडूच्या हद्दीवर टॉप स्टेशन. इंग्रजांच्या काळात इथवर मुन्नारहून छोटी रेल्वे येत होती आणि इथून चहाच्या पेट्या रोपवेने खाली तमिळनाडूत उतरवायचे. १९२४ च्या महापुरात ती रेल्वे वाहून गेली ती परत बांधली नाही. वाटेतल्या इको पॉइंटवर ओरडायला पार्किंगचे पैसे देऊन थांबावं असं मला काही वाटत नाही, मुलांचा हट्ट असेल तर थांबा.

चहाचं म्युझियम नल्लतण्णीला आहे, सोमवारी बंद. तिथे पान तोडल्यापासून डब्यात पडेपर्यंत सगळं दाखवतात आणि एकदाचं कळतं की आपण घरी जो कडक, दाणेदार चहा उकळतो तो सीटीसी, म्हणजे पान रोलरमध्ये चिरडून त्याच्या गोळ्या केलेल्या, दुधात रंग येतो तो त्यामुळे. ऑर्थोडॉक्स म्हणजे पान नुसतं वळलेलं, त्याला गरम पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवायचं आणि दूध घालायचं नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी महागातला ऑर्थोडॉक्स आणून आलं-दूध घालून दहा मिनिटं उकळला आणि वर म्हणाल्या केरळच्या चहात दम नाही. तर घेताना विचारून घ्या.

मळ्यांमधले आतले रस्ते कंपन्यांच्या खाजगी मालकीचे आहेत. गूगल मॅप बिनधास्त त्यातून शॉर्टकट दाखवतं, पुढे गेट बंद असतं आणि गाडी वळवायला जागा नसते. गेट दिसलं की परत फिरा. पानं तोडून तोंडात घालू नका, फवारणी असते. आणि पाठीवर पोतं बांधून काम करणाऱ्या बायकांचे फोटो न विचारता काढू नका. याच बायकांनी सप्टेंबर २०१५ मध्ये बोनस कापला म्हणून युनियनच्या पुढाऱ्यांनाही बाजूला सारून संप केला होता आणि सगळं मुन्नार थांबवलं होतं, त्या काही आपल्या सेल्फीची सजावट नाहीत. गंमत म्हणजे काही मळ्यांत आता झारखंड, आसामकडचे कामगार आहेत, आपल्या हिंदीत छान गप्पा होतात.

८. मुन्नार ते उडुमलपेट

या दिवशी मात्र सकाळी सातला निघा. मुन्नारहून मरयूर चाळीस किलोमीटर, वाटेत लक्कमचा धबधबा, तिकीट काढून जवळ जाता येतं. मरयूरला चंदनाचं नैसर्गिक जंगल आहे, झाडांना नंबर आणि कुंपण. इथला गूळ हाताने वळलेल्या गोळ्यांचा मिळतो, २०१९ मध्ये त्याला जीआय टॅग मिळाला, भट्टीवरून गरम गरम घेतला तर गाडीत अर्धा संपतो.

त्यानंतर जादू होते. अर्ध्या तासात हिरवं सगळं मागे राहतं आणि चिन्नारचं कोरडं, काटेरी, खडकाळ जंगल सुरू होतं, कारण ढग पलीकडच्या बाजूलाच रिकामे होतात आणि इकडे पर्जन्यछाया. आपल्या निमाडमध्ये मे महिन्यात आल्यासारखं वाटतं. दोन्ही राज्यांची चेकपोस्ट आहेत, गाडीचा नंबर लिहितात. मध्ये थांबून खाली उतरायला परवानगी नाही, आणि दिवसाउजेडीच पार करा.

९. वाल्पराई

वाल्पराईला जायला आता ऊटी-कोडाईकॅनॉलसारखा तमिळनाडू सरकारचा ई-पास लागतो, ऑनलाइन निघतो, इंदूरलाच काढून प्रिंट घ्या. पासाच्या नावाने पैसे मागणाऱ्या भलत्या साइट येतात सर्चमध्ये, सरकारीच बघा.

आळियार धरणाच्या चेकपोस्टवर दुपारी दोनच्या आत पोचलात तर उत्तम. थोडं वर मंकी फॉल्स, पाणी जास्त असलं की बंद करतात. मग चाळीस हेअरपिन. प्रत्येक वळणावर नंबर लिहिलेला आहे, मुलाला मोजायला लावा, त्याचा वेळ जातो. नवव्या वळणावर लोम्स व्ह्यू पॉइंट, खाली आळियारचं पाणी आणि लांबवर मैदान. आम्हाला तिथेच कठड्यावर ताहर बसलेली दिसली, एरविकुलममध्ये तिकीट काढून जी लांबून पाहिली होती ती इथे फुकट, दहा फुटांवर रवंथ करत.

वाल्पराई हे मुन्नारसारखं टुरिस्ट गाव नाही. एक बाजार, बस स्टँड, बाकी मळेच मळे. मला हेच जास्त आवडलं. करायचं काही नाही, सकाळी हळूहळू गाडी घेऊन मळ्यांतून जायचं. पुदुतोट्टमच्या रस्त्याला सिंहपुच्छ वानर दिसतात, काळी, तोंडाभोवती पांढरी आयाळ, खायला मुळीच देऊ नका, त्यामुळेच ती रस्त्यावर येऊन गाड्यांखाली मरतात. अंधार पडल्यावर चालत बाहेर पडायचं नाही, बिबटे आणि हत्ती दोन्ही आहेत, आणि हे घाबरवायला सांगत नाही. हत्ती आसपास असले की लोकांना कळावं म्हणून इथे काही ठिकाणी लाल दिवे लावलेत, मोबाइलवर मेसेजही जातात. लाल दिवा दिसला की हॉटेलवाल्याला विचारूनच पुढे जा.

१०. मलक्कप्पारा ते अतिरप्पिल्ली, जंगलाचा दिवस

वाल्पराईत टाकी पूर्ण भरा, जंगलात पंप नाही. खायचं-प्यायचं, बाथरूम, सगळं मलक्कप्पाराच्या आधी उरकून घ्या. तिथे फॉरेस्टवाले गाडीची वेळ लिहून पावती देतात, प्लास्टिक किती आहे बघतात, आणि पुढच्या वाळच्चालच्या चेकपोस्टला ठराविक वेळात पोचायचं असतं. लवकर पोचलात तर वेगाने चालवली, उशीर झाला तर कुठे थांबला होता, दोन्ही विचारतात. प्रवेशाच्या वेळा दोन्ही बाजूंच्या वेगळ्या आहेत, बाइकवाल्यांसाठी आणखी कडक, म्हणून आदल्या दिवशी विचारून घ्या आणि सकाळचाच टाइम धरा.

जवळजवळ पन्नास किलोमीटर दाट जंगल, रस्ता अरुंद, मोबाइल गप्प. २०२२ मध्ये याच रस्त्यावर कबाली नावाचा हत्ती बससमोर आला आणि सरळ चालत राहिला, ड्रायव्हरने भरलेली बस आठ किलोमीटर रिव्हर्समध्ये नेली. आपल्याला आठशे मीटर तरी रिव्हर्स जमतं का बघा, नसेल तर पुढच्या गाडीच्या मागे अंतर ठेवून जा.

उतरता उतरता आधी वाळच्चाल, मग अतिरप्पिल्ली, ऐंशी फुटांवरून अख्खी चालाकुडी नदी खाली येते. वरून बघणं सोपं, खरी ताकद कळते ती खाली उतरून, पण परतीची चढण दमवते, गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच बघावं. तिकिटाची पावती टाकू नका, दोन्ही धबधब्यांना तीच चालते.

११. पोटाचं बघा

मागच्या सीटवरच्यांना गाडी लागणारच. वळणांच्या दिवशी सकाळी हलकं खायचं, इडली चालेल, पुरी-भाजी नको. मोबाइल बघायचा नाही, काच थोडी उघडी, आणि ज्याला जास्त त्रास होतो त्याला पुढे बसवा. गोळी डॉक्टरांना विचारून, घाट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी. आलेपाक आणि लिंबू तर ठेवाच.

जेवणाची काळजी करू नका, शाकाहारी सगळीकडे मिळतं. नारळाच्या तेलाचा वास काहींना जड जातो. हॉटेलात गुलाबीसर गरम पाणी आणून ठेवतात, ते घाण नाही, पतिमुखम नावाच्या झाडाच्या लाकडाचे तुकडे टाकून उकळलेलं असतं, खुशाल प्या. केरळचा जाडा लाल भात मुलांना आवडला नाही तर पांढरा मागा. आणि शेव, जिरावन मसाल्याची डबी घ्या, अप्पमवर जिरावन टाकून खाणारे आमच्या घरात दोघे निघाले.

१२. गाडी परत देताना

चालाकुडीहून एअरपोर्ट जवळ आहे, हायवे चांगला, तरी विमानाच्या चार तास आधी अतिरप्पिल्ली सोडा. गाडी धुऊन द्या, चिखलाखाली काय आहे यावर वाद होतो. पेट्रोल जितकं घेतलं तितकं. परत एकदा सगळा व्हिडिओ. फास्टॅगचे पैसे कुठे कुठे कापले गेले ते दाखवायला सांगा. डिपॉझिट “दोन दिवसांत येईल” म्हणाले तर तारीख मेसेजवर लिहून घ्या, आणि इंदूरला पोचल्यावर रोज एकदा, गोड आवाजात, फोन करत राहा.